आजपासून फक्त डाउनस्ट्रोक

२ मार्च १९८६, रविवार. हेवर्ड.
संकल्प. आजपासून गिटारवर फक्त डाउनस्ट्रोक. हात खाली, खाली, खाली. वरचा फटका शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्यांसाठी. आम्हा चौघांच्या बँडची प्रॅक्टिस माझ्याच गॅरेजमध्ये असते, तिथं तसं जाहीर केलं. ड्रमर गस म्हणाला, अरे ड्वेन, हेच तर मी दोन वर्षं बोंबलतोय. कल्पना दुसऱ्याला सुचली की माणसं अशी होतात.

४ मार्च.
सराव. मनगट सुजलं. फ्रीजरमधली वाटाण्याची पिशवी बांधून बसलो. बायकोनं, नोरीननं विचारलं, रात्री जेवायला काय करू? वाटाणेच केले. मऊ झाले होते.

८ मार्च, शनिवार.
दुसऱ्या कडव्यात हात आपोआप वर जातो. मी नेत नाही, तो जातो. गसनं गाणं थांबवलं. म्हणाला, खाली-वर सुरू झालास की घोडा लंगडतो. मी म्हणालो, लय झुलते, त्याला ग्रूव्ह म्हणतात. तो म्हणाला, त्याला दमणं म्हणतात. गॅरेज माझं आहे, व्हॅनही माझी आहे, हे मी बोलून दाखवलं नाही. एकदाच दाखवलं.

१५ मार्च.
गसनं मामेबहीण आणली, लॉर्ना. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. म्हणे दोन गिटार असल्या की आवाज भरतो. सगळे डाउनस्ट्रोकच मारते, पण बटाटे सोलत असल्यासारखा चेहरा. मनगट जेमतेम हलतं. मी सांगितलं, खांद्यापासून मार. बरं म्हणाली. तयार करायला हवी पोरगी.

२२ मार्च.
एकोणीस एप्रिलला बर्कलीच्या क्लबात कार्यक्रम! रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला येणार. टायरच्या दुकानात सिल्व्हेरासाहेबांना म्हणालो, कदाचित मला नोकरी सोडावी लागेल. त्यांनी लगेच विचारलं, कधी?

२९ मार्च.
लॉर्ना म्हणाली, आजपासून तुमचा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, मी लावते, तुम्ही फक्त हाताकडे बघा. गुरूची सेवा करायची पद्धत अजून शिल्लक आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन बटणं बघते. लाल दिवा लागलेला, सगळं नीट.
आणि काय सांगू. माझा आवाज बँडमध्ये इतका मिसळला की मला वेगळा ऐकूच येईना. खरी ऱ्हिदम गिटार ऐकू येत नाही, ती जाणवते. पायाखाली जाणवत होती. मधेच माझी जाड तार तुटली, तरी ग्रूव्ह तसूभर हलला नाही.

५ एप्रिल.
हात बिनधास्त खाली-वर चालवला. गसनं एकदाही थांबवलं नाही. उलट पाठीवर थाप मारून म्हणाला, असाच वाजव, काही बदलू नकोस. उशिरा का होईना, त्याचा कान तयार झाला. डाउनस्ट्रोकचा संकल्प मागे घेतो. नवशिक्यांसाठी ठीक आहे तो.

१२ एप्रिल.
नोकरी सोडली. सिल्व्हेरासाहेबांनी केक आणला होता. तो कापायला आलेल्या नव्या माणसाच्या शर्टावर त्याचं नाव आधीच शिवलेलं होतं.

२० एप्रिल, रविवार.
काल कार्यक्रम झाला. गर्दी उसळली होती. मी आयुष्यात इतकं मोकळं वाजवलेलं नाही. कंपनीचा माणूस खूश. लॉर्नाचा हात बराच वेळ हातात धरून होता. मला म्हणाला, सामान तुमच्याच व्हॅनमध्ये असतं का? विनोदी आहे.
नोरीन पहिल्यांदाच आली होती, अगदी पुढे उभी. परतताना व्हॅनमध्ये म्हणाली, लॉर्नाच्या ॲम्पवरची दोन्ही बटणं वर होती, तुझ्या ॲम्पवरचं एकच का वर होतं? मी हसलो. बायकांना यातलं काय कळणार. म्हटलं, अगं, दुसरं स्टँडबायचं. ते खाली असलं की दिवा लागतो, आतल्या ट्यूब गरम राहतात, फक्त आवाज बाहेर...
व्हॅन कडेला घेतली. पुढं नोरीननंच चालवायला घेतली.

२१ एप्रिल, सोमवार.
गसचा फोन. रेकॉर्ड करायचं ठरलंय. कंपनीला चौघं पुरेत, एक गिटार, लॉर्नाची. मी विचारलं, कधीपासून बंद होता माझा ॲम्प? म्हणाला, तार तुटली ना, त्या दिवसापासून. त्याआधी ऐकू यायचास, तोच तर त्रास होता. मग विचारलं, प्रॅक्टिस गॅरेजमध्येच ठेवू ना? आणि गुरुवारी व्हॅन लागेल.
हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. नाही म्हटलं असतं तर ते पुन्हा आलेच नसते.
दुपारी व्हॅनचं ऑइल बदलायला दुकानात गेलो. सिल्व्हेरासाहेब म्हणाले, गिऱ्हाइकांनी रांगेत थांबायचं. थांबलो.
घरी आलो तर नोरीन म्हणाली, हात दुखतोय का, वाटाणे काढू?
नको म्हटलं. महिनाभर दुखलेलाच नाही.