डाव्या कानाचं टोक

मिलर्स फोर्ड, ९ मार्च

प्रिय आई,

दोन महिने पत्र नाही, माफ कर. मी बरी आहे. खोकला आता फक्त सकाळी येतो. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढत नाहीस ना?

आई, मी जिंकले! आमच्या राज्यात गाड्यांसाठी मांजराचं चित्र असलेली खास नंबरप्लेट निघतेय, तिच्यासाठी चित्रस्पर्धा होती. प्लेटच्या विक्रीतून भटक्या मांजरांची नसबंदी होते. आता माझी करडी मांजर हजारो गाड्यांवर फिरणार!

मी तिचा डावा कान टोकाला कापलेला काढला होता. नसबंदी झाल्याची ती खूण. ती दिसली की मांजर पुन्हा पकडत नाहीत. समितीच्या बाई फोनवर म्हणाल्या, "कान अर्धवट राहिलाय, तेवढा पुरा करून द्या." मी समजावून सांगायला हवं होतं. बक्षिसाच्या मोहाने मुकाट्याने पुरा करून दिला.

काल म्हाताऱ्या ओडेलना चित्र तोऱ्यात दाखवलं. आम्ही दोघं मिळून मांजरं पकडतो. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"झकास! पण पोरी, हिचं ऑपरेशन कधी करायचं?"

मी हसले खरी, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. छपाई सोमवारी सुरू होते. आता चित्र बदललं तर बक्षीस जाऊ शकतं. जाऊ दे. चित्र सुंदर झालंय, हे मात्र तुला अभिमानाने सांगते.

तुझीच,
वर्ना

(तिच्या वहीत) उद्याचं काम: आठ वाजता समितीला फोन करून चित्रातला कान पुन्हा कापायला सांगणे.