पिवळ्याचा शेवटचा जीव

२६ ऑक्टो., रवि.
मलकापूरला गेले. विन्या गेल्यावर पहिल्यांदाच. दीड महिना झाला. यंदा भाऊबीज नाही, फराळ नाही. निघताना भावजयीनं, रेखानं, एक खोकं पुढ्यात ठेवलं.
‘हे तुम्ही घेऊन जा, ताई. रोज घेऊन बसत. मले पाह्यल्या जात नाही.’
आत व्हिडीओ गेम. लहानपणचाच, आता नव्यानं निघालेला. चाळिशीतला माणूस, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, आणि हे खेळायचा. मला बोलला नाही. मी तरी कुठे फोन करत होते म्हणा.

२८, मंगळ.
चिखलीला, घरी. वायरी जोडण्यात अख्खी दुपार. आणि शिकवते म्हणे विज्ञान! कॅसेट नाही, तिच्यात फुंकर मारणं नाही, सगळे गेम आतच. संगीत मात्र तेच. निळा माणूस माझा, पिवळा विन्याचा. एक मेला की दुसऱ्याचा डाव. विन्या ओरडायचा, ‘तायडी, पड ना वं लवकर!’
पहिल्याच खड्ड्यात पडले. पिवळा आला. उभाच. त्याला हलवणारं कोणी नाही. वेळ संपली, मेला. टीव्ही बंद करून खूप रडले.

३०, गुरु.
लिहूनच टाकते. मी तेरा वर्षांची, विन्या दहा. आठव्या किल्ल्याच्या पुलापर्यंत पोचला होता, जन्मात पहिल्यांदा. पिवळ्याचा शेवटचा जीव. नेमकं तेव्हाच आईनं त्याला ज्वारी दळायला पिटाळलं, गल्लीतल्याच चक्कीवर. जाताना म्हणाला, ‘माझ्या डावाले हात लावू नको.’
लावला. पिवळा पुलावरून पडला. मी प्लगच काढला. तो पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आला तेव्हा सांगितलं, लाईट गेली होती.
‘हाव?’ एवढंच म्हणाला.
तो पूल त्याला पुन्हा मिळालाच नाही. पुढे गेमच बिघडला. आज सांगू, उद्या सांगू. तीस वर्षं गेली.

२ नोव्हें., रवि.
नव्यात खेळ कुठेही सेव्ह होतो. विन्यानं ठेवलेला सापडला. दोन खेळाडू. आठवा किल्ला, पूल, पिवळ्याचा शेवटचा जीव. अगदी तिथेच.

३, सोम.
शाळा सुरू. मधल्या सुटीत रेखाला फोन. सांगत होती, दोन्ही रिमोट घेऊन एकटाच बसायचा. माझाही डाव तोच खेळायचा.
‘म्हणे, भाऊबीजेले तायडी येईन, तिच्यासमोर पूल पार करतो.’
मग राहवलं नाही. लाईटीचं सगळं सांगून टाकलं.
‘त्याहिले माहीत होतं, ताई. म्हणे, लाईट नव्हती तर चक्की कशी चालू होती? पीठ गरम होतं डोक्यावर.’
‘मग बोलला काऊन नाही?’
‘म्हणे, तायडीनं पुन्हा खेळाले घेतलं नसतं.’
नववी ब ला आज काय शिकवलं, आठवत नाही.

६, गुरु.
लाईट नसताना चक्की. एवढी साधी गोष्ट. तीस वर्षांत माझ्या डोक्यात…
गाढवा, एकदा भांडायचं तरी होतंस.

९, रवि.
रेखा आलीय. जेवणं झाल्यावर गेम लावला. सुरू केला आणि लगेच थांबवला. पिवळा पुलाच्या टोकाशी उभा. पडला तरी परत इथूनच सुरू करता येतं, हवं तितक्यांदा. ठाऊक आहे. पण डाव त्याचा आहे. रिमोट रेखाला दिला, तिनं परत माझ्या मांडीवर ठेवला. ‘मले नाही येत.’
दोघी नुसत्या बघत बसलो.
‘पुलाच्या पलीकडे काय असते, ताई?’
मला काय माहीत. मीच जाऊ दिलं नाही ना त्याला.