भराव कुठे संपतो

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता आणि ऐकलेलं काहीच नसतं, म्हणून हे पत्र. खोदाईच्या यंत्राने तुमचे कान नेले, इथे माझा धीर चालला आहे.

तळ्याच्या तळातला गाळ आम्ही नळीत भरून आणतो, हे तुम्हाला माहीत आहे. नळी उभी चिरली की फिकट-गडद पट्टे दिसतात. दर वर्षाची एक जोडी. वरून खाली मोजत गेलं की अणुचाचण्यांची धूळ पहिल्यांदा कुठल्या वर्षी बसली ते कळतं. माणसाच्या उलथापालथीमुळे पृथ्वीवर नवं भूयुग सुरू झालं असं मानायचं का, यावर तज्ज्ञांची एक समिती मत देणार आहे. त्या युगाची सुरुवात दाखवायला निवडलेल्या तळ्यांत आमचंही आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची नऊ वर्षं यात गेली. १२ तारखेला अहवाल जाणार आणि मोजणीखाली सही माझी.

आणि बाबा, मी घाण करून ठेवली आहे. गाळ साफ करताना सुरी आडवी न ओढता उभी ओढली. बोटाच्या पेराएवढ्याच जागेत, पण तिथले पट्टे एकमेकांत फासले गेले. त्यात दोन वर्षं आहेत की पाच, सांगता येत नाही. दुसऱ्या नळीत नेमका तेवढाच गाळ ढवळलेला! मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, तीन धर आणि सही कर. इथे युग ठरतंय आणि तू पेरं मोजत बसलीस. मी सात वेळा मोजलं आहे. माझा करार मार्चअखेर संपतो आणि तो वाढवणं त्यांच्याच हातात आहे.

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला पायाच्या खड्ड्याशी बसवून थर ओळखायला शिकवलंत. भराव कुठे संपतो आणि मूळ जमीन कुठे लागते हे कळलं नाही, तर तुम्ही वहीत काय लिहायचात? लगेच कळवा.

रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
फुटपट्टी

दि. ९ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सुरी उभी ओढलीस हे वाचून कपाळाला हात लावला. सहा वर्षांची होतीस तेव्हा तरी असं करत नव्हतीस. आई म्हणते पोरीला टोचू नका, म्हणून एकदाच टोचलं.

तुमची समिती मला पटत नाही. माणसाने टाकलेला तो भराव. तो कितीही जुना झाला तरी त्याला कुणी जमीन म्हणत नाही, मग युग कसलं? केराला नावं ठेवायची सोडून तुम्ही नाव द्यायला निघालात!

आता तू विचारलंस ते. एकदा एका शिंप्याच्या घराचा पाया खणत होतो. आठ फुटांवर कुदळ खणकन वाजली. वहीत लिहिलं, कठीण जमीन. दोन वर्षांनी भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. खणून पाहिलं, तर त्या कठीण थराखाली बाटलीचं बूड. जुनाच भराव, दगडासारखा घट्ट झालेला. शंका मला तेव्हाच आली होती. पण शिंप्याला घाई होती, आणि मला कळत नाही असं लिहायची लाज वाटली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू दोन ते पाच असंच लिही. करार गेला तर घरी ये.

जीव तुझ्यात आहेच, तो वेगळा मागू नये.

बाबा

दि. ३० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र १३ तारखेला मिळालं. सही मी १२ला केली होती, तीन लिहून.

शिंप्याचं दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी समितीच्या चिटणिसांना कळवलं, की त्या पेरात दोन ते पाच वर्षं असू शकतात, चूक माझ्या सुरीची. मग मॅडमना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. चष्मा पुसत म्हणाल्या, आधी सांगितलं असतंस तर मी अडवलं असतं, म्हणूनच आधी पाठवलंस ना.

परवा निकाल आला. समितीने नाही म्हटलं. चिटणिसांनी मला लिहिलं, की तीन असोत की पाच, त्यावाचून काहीच अडलं नव्हतं. माणसाची करणी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी अणुधुळीच्या एका रेघेपासून सुरू झाली, हेच बहुतेकांना पटलं नाही. त्याआधीची शेती आणि तोडलेली जंगलं कुठे ठेवायची? म्हणजे माझं खोटंही कुणाला लागलं नाही आणि खरंही. इतका संताप आला की नळ्यांच्या कपाटाला लाथ मारली. अंगठा सुजला आहे.

तुम्ही खूश होऊ नका. तुमचा नियम पायापुरता ठीक आहे. पण हा गाळ उद्या दगड होईल, तेव्हा त्यातून आपली धूळ कोण वेचणार? नाव दिलं नाही म्हणून थर तिथून उठून जात नाही.

करार वाढला नाही. उद्या शेवटचा दिवस. आज मॅडमकडे नळी मागितली, त्यांनी काढून दिली. या वेळी तळापासून वर मोजायला घेतली; आपण नव्हतो असा थर तरी पाहून जावं म्हटलं. सगळ्यात खालच्या जोडीत, सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या, जळक्या लाकडाची एक कणी आहे. जंगल विजेने पेटलं की कुणी शेतासाठी पेटवलं, ते ती सांगत नाही. आणि तिच्याखाली नळी संपते.

परवा घरी येते. लोभ आहे तसाच ठेवा, पोचल्यावर भांडू.

तुमची,
फुटपट्टी