बर्फाच्या खणामागची फळी

रामवाडी, पेण
२ डिसेंबर २०२४

प्रिय बहीण सुगरा हिस,
मुसाभाईचा सलाम आणि पुष्कळ दुवा. वि. वि.

मोबाईल असताना पत्र कसलं, म्हणून तुझा जुहेब हसेल. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? इथे सगळं ठीक. गुडघे तेवढे कुरकुरतात.

बातमी अशी, की रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी कस्टमला माझी आठवण आहे. कुंडलिकेच्या मुखाशी जुन्या बंदरावर आलेला नवा इन्स्पेक्टर आदेश परवा घरी येऊन गेला. म्हणाला, चाचा, मशीन हाय आमच्याकडं, पण लाकूड काय बोलतं ते कळत नाय. काठीने फळी ठोकून आतली पोकळी कशी ओळखायची ते दाखवायला मला झडतीला नेणार आहे. मी आढेवेढे घेतले, पण खरं सांगतो, फार बरं वाटलं.

बकरी ईदला तुझ्याकडे जेवताना मच्छीमार होडीतल्या बर्फाच्या खणामागच्या फळीची गोष्ट सांगितली होती, आठवतं? ती चोरजागा चौतीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाच सापडली. तुम्हा दोघांशिवाय कुणाला सांगितलेली नाही. जुहेबने किती खोदून खोदून विचारलं. स्वतः होडी चालवणारा तांडेल झाला तरी मामाच्या कामाची कदर आहे त्याला.

तेव्हा दिलेल्या माझ्या पांढऱ्या वर्दीची गोधडी झाली का? खिशावरचा शाईचा डाग वरच्या बाजूला येऊ दे, थंडीत जुनी ओळख सोबत असेल.

लोभ आहेच, त्यात यंदाच्या पापडांची भर घाल.
तुझा भाई,
मुसा


अष्टमी, रोहा
१४ डिसेंबर २०२४

मुसाभाईस सलाम.

खुशाली विचारण्यासारखं काही ठेवलं नाहीस, म्हणून विचारत नाही.

जुहेबच्या होडीची झडती झाली तेव्हा शेजारचा काळुराम बंदरावरच होता. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की साहेबांनी दोन तास होडी पालथी घातली, काय सापडलं नाय. काठी ठोकली ती मामानंच. ती काठी जरा पुढे सरकवली असतीस तर कुणाला कळलं असतं? अब्बांच्या मागे मी तुला वडिलांच्या जागी मानलं. आणि तू चार नव्या साहेबांच्या शाबासकीसाठी माझा एकुलता मुलगा आत घातलास.

जुहेबला होडीच्या मालकाने फसवलं. खोक्यांत परदेशी सिगारेट आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. मला तर कशाचाच पत्ता नव्हता, अब्बांची शपथ. त्याचे वडील दोहाहून रोज फोन करतात, मी काय सांगू? तो नकळत अडकला असं तू लिहून दे. तुझ्या सहीला तिथे मान आहे. एवढं कर, मग पुन्हा तोंड दाखवू नकोस.

गोधडी शिवलेली नाही. तुझे कपडे तसेच पेटीत पडून आहेत. निकेशची रिक्षा पेणला येईल तेव्हा परत पाठवीन.

सुगरा


रामवाडी, पेण
१९ डिसेंबर २०२४

सुगरास मुसाचा सलाम. वि. वि.

तुझ्या पत्रातलं बरंच खरं आहे. होडी कुणाची, हे चढेपर्यंत मला माहीत नव्हतं. जुहेब मागे उभा होता. मला बघून त्याने मान खाली घातली, तेव्हाच काठी कुठे टेकवायची ते मला कळलं. आवाज पोकळ आला. मी काठी पुढे सरकवली, सुगरा. सरकवली, आणि मागे आणून परत ठोकली. तेव्हा मनात कायदा नव्हता, राग होता. ज्याला कौतुकाने सांगितलं त्यानेच ते माझ्यावर उलटवलं.

तरी त्याला मी माफ केलं असतं. अर्ज लिहायला बसलोही असतो.

पण फळी निघाली. खोकी भिजू नयेत म्हणून कापडी पिशव्यांत घातली होती. प्रत्येक पिशवी खोक्याच्या मापाने शिवलेली, आतून प्लास्टिक, कडेला हाताने घातलेला दुहेरी टाका. तसा टाका अम्मी घालायची आणि तू घालतेस. कापड पांढरं होतं. एका पिशवीवर शाईचा डाग होता.

आदेशने विचारलं, वर्दीचं कापड वाटतंय चाचा, कुणाचं असेल? चौतीस वर्षांत मी जबाबात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. 'ओळखत नाही' असं लिहिलं आणि सही केली. म्हणून तू आज घरात आहेस. जुहेबसाठी आता ती सही मागू नकोस, तिची किंमत संपली.

लोभ असावा असं शेवटी लिहायची सवय आहे. आज हात धजत नाही. पेटीतले कपडे निकेशबरोबर पाठवतेस ना, पाठव. मी वाट बघतो.

मुसा