चाळीस पावलांच्या आत

१४ नोव्हेंबर १९८६, शुक्रवार

पोहोचलो एकदाचा. वाटेवर घोट्याच्या वर बर्फ. कॅम्पात चूल पेटलेली, कॉफी तयार, मेल्विनचे मोजे दोरीवर आणि त्यांचा वास खोलीभर. म्हणजे हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला!

पिशवीतून रायफलऐवजी रिव्हॉल्व्हर काढलं. क्लॅरेन्स – माझा मेहुणा, कॅम्पचा स्वयंपाकी – कांदा कापता कापता थांबला. मेल्विन माझा चुलत भाऊ, पन्नाशी आली तरी जिभेला हाड नाही. म्हणाला, "आर्व्या, हरणं मारायचीत की बँक लुटायचीय?"

वाइनोकाकांनी ते हातात घेऊन तोललं. चौऱ्याहत्तरचे झाले, पण कॅम्प त्यांचा आणि शब्दही त्यांचाच.

"याला दुर्बीण नाही?"

"नाही."

"मारणार किती लांबून?"

"चाळीस पावलं. त्याच्या पुढे बार काढणार नाही."

"चाळीस पावलांवरून हरिण तुला सांगेल, तू सकाळी काय खाल्लंस ते," काका म्हणाले आणि परत दिलं.

खांद्याचं कारण सांगितलं. डॉक्टरने रायफलचा दणका नको म्हटलंय, वगैरे. सगळ्यांना पटलं. खांद्याला काहीही झालेलं नाही. घरी बायकोने, आर्डिसने, विचारलंच होतं, "लाकडं तर फोडतोस रोज. मग रायफलने काय घोडं मारलंय?" तिलाही खरं बोललो नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार. पहिला दिवस

अंधारातच सिडर झाडांच्या दलदलीत जाऊन बसलो. उन्मळून पडलेल्या हेमलॉकच्या मुळांमागे लपण केलं. आठ वाजता कुठे दिसायला लागलं. दुरून डोंगरापलीकडून बार ऐकू येत होते, दुसऱ्या खोलीत दारं आपटावीत तसे. माझ्याकडे मात्र शांतता.

मग एक इवलीशी चिकडी आली, चिमणीहून लहान पाखरू. काळ्या टोपीची. आधी फांदीवर, मग माझ्या बुटावर, मग सरळ रिव्हॉल्व्हरच्या नळीवर! दीड किलो पोलाद मांडीवर, त्याच्यावर मूठभर पिसं. माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. तिचे पाय वाजले – नखांचा टिक टिक आवाज धातूवर. मी श्वास धरून बसलो होतो. एकतीस हंगाम या रानात काढले, हा आवाज कधी ऐकला नव्हता.

रायफल असती तर मी शंभर-दोनशे पावलांवर नजर लावून बसलो असतो. बुटाकडे कशाला बघतोय!

संध्याकाळी नेम चुकल्याबद्दल मेल्विनचा न्याय झाला. सकाळी त्याचे तीन बार ऐकू आले होते. कॅम्पचं गणित आहे – एक बार, मटण. दोन बार, बघू. तीन बार, बटाटे सोला. क्लॅरेन्स तिसऱ्या बारालाच बटाट्यांकडे वळला म्हणे. मेल्विनला खुर्चीवर उभं केलं, वाइनोकाकांनी कात्री घेतली आणि शर्टाचा पाठीकडचा तुकडा करकर कापला. चिंधीवर नाव, साल, आणि ती तुळईला खिळ्याने ठोकली. "माझ्या बायकोने परवाच घेतला होता रे," मेल्विन म्हणाला. क्लॅरेन्स म्हणाला, "तिला सांग पुढच्या वेळी पाठ नसलेलाच घे."

आता विसाच्या वर चिंध्या झाल्या. त्यात एक माझी. आर्वो, १९८५.


१६ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. वारा. पाय गोठले.


१७ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहायचं टाळत होतो. आज वर्ष झालं म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी याच दिवशी झाडं तोडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यापलीकडे एक नर उभा होता. सव्वादोनशे पावलं. दुर्बिणीतून बोटाएवढा. मी बार काढला. तो वाकला, पोट आत ओढलं आणि लंगडत सिडरमध्ये गेला. कुठे लागली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पोटात.

चुकलं तर आमच्यात शर्ट जातो, चार लोक हसतात, संपलं. पण हरिण जखमी करून हरवलं तर वाइनोकाकांचा नियम आहे. ते तुझं हरिण धरलं जातं. टॅग – एका हरणाचा परवाना – त्यांच्या हातात द्यायचा, बंदूक खुंटीला, आणि पुढचा अख्खा हंगाम भांडी घासायची. रानात पाऊल नाही. भांड्यांचं मला काही नव्हतं. त्यांच्या नजरेचं होतं.

मी परत येऊन म्हणालो, "चुकलो." शर्ट काढून दिला. खूप हसले सगळे, मीही हसलो. तीस हंगामांतली पहिली चूक म्हणून मेल्विनने प्याला उंचावला.

दोन दिवस एकटाच शोधत होतो, त्यांना सांगितलं की नवीन जागा बघतोय. तिसऱ्या दिवशी डोमकावळे घिरट्या घालताना दिसले. कोयोटी कोल्ह्यांनी काय ठेवलं होतं ते इथे लिहीत नाही.

रायफल तेव्हापासून कपाटात. ठरवलं, डोळा दिसल्याशिवाय बार काढायचा नाही. डोळा दिसायचा तर जवळ जायला हवं, आणि जवळ जायला भाग पाडेल असं हत्यार हवं. उन्हाळाभर दगडखाणीत कागदी ताटल्यांवर सराव केला. चाळीस पावलांवर सहापैकी सहा. हे जमलं तर मी शिकारी. नाही जमलं, तर रायफल आणि हे, दोन्ही देऊन टाकायचं आणि पुन्हा या वाटेला यायचं नाही. खिळ्यावरच्या त्या चिंधीखाली जेवण उतरत नाही.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

नर. आठ टोकांची शिंगं. सत्तर पावलांवरून आडवा गेला, एकदा थांबलासुद्धा. सोपा होता. रायफलला पोरखेळ. मी रिव्हॉल्व्हर उचललंच नाही. मांडीवर तसंच ठेवून बघत राहिलो.

कॅम्पात सांगितलं तर मेल्विन डोकं धरून बसला. "सत्तर पावलं! अरे, दगड मारला असतास तरी लागला असता." वाइनोकाकांनी मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचा कडेचा तुकडा – तो त्यांचा आवडता – माझ्या ताटलीत टाकला.


२० नोव्हेंबर, गुरुवार

आज सहा पावलांवर मादी!

बर्फ भुरभुरत होता, वारा माझ्या तोंडावर. ती बाजूने आली असावी, मला कळलंच नाही. आधी आवाज ऐकला. चावण्याचा. सिडरची पालवी ओढून खात होती. गाय गोठ्यात चावते तसाच साधा, ओला आवाज. मग मान वळवली तर तिचं नाक दिसलं, काळं, ओलं, आणि त्याच्यावर पडलेला बर्फाचा कण विरघळताना दिसला. पापण्यांवर दव गोठलेलं. तिच्या श्वासाची वाफ माझ्या मुळांपर्यंत येऊन फाटत होती. पोटातला गुडगुड आवाजसुद्धा ऐकला.

माझ्याकडे मादीचा टॅग नाही, तेव्हा मारायचा प्रश्नच नव्हता. पण टॅग असता तरी हात उठला असता की नाही, माहीत नाही. पाय मुडपलेले, मुंग्या आलेल्या, नाक गळतंय, आणि मी एकोणपन्नास वर्षांचा बाप्या चर्चमध्ये बसल्यासारखा बसून होतो. चर्चमध्येही मी इतका जागा नसतो. खरंच सांगतो.

मग वारा फिरला. तिने मान उचलली, सरळ माझ्याकडे पाहिलं. पाय आपटला एकदा. दुसऱ्यांदा. आणि नाहीशी झाली. पळाली असं म्हणवत नाही. तिथे होती, मग नव्हती.

वीस मिनिटं तिच्या ठशांकडे बघत राहिलो.

इतकी वर्षं मी ज्यांना मारलं, त्यांतल्या एकाचाही चावण्याचा आवाज ऐकला नव्हता.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काका विचारत होते, "खांदा कसा आहे?" बरा आहे म्हटलं. चोराच्या मनात चांदणं – रात्रभर वाटत राहिलं की त्यांना कळलंय.


२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळपासून दाट बर्फ. साडेनऊला मादी आली, नऊ पावलांवरून घाईघाईत गेली, मागे बघत. तिच्या मागे नर येणार हे पोरालाही कळलं असतं. मी रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत घेऊन गुडघ्यावर टेकवलं. एक डोमकावळा ओरडला, त्या आवाजाखाली घोडा मागे ओढला.

तो आला. नाक जमिनीला, तिच्या मागावर. शिंगांत सिडरची साल अडकलेली. डावा कान फाटका. मान इतकी जाड, की ओंडकाच. गळ्यातून हलका घुरघुर आवाज, डुकरासारखा. सतरा पावलांवर थांबला आणि डोकं वर केलं. डोळा दिसला. मोठा, ओला, तपकिरी. त्यात उजेडाचा ठिपका. मी त्याच्या जगात बसलो होतो आणि त्याला माहीत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट माझ्यासमोर उभी राहिली याचीच मला लाज आणि कौतुक एकदम वाटलं. मग खांद्यामागची जागा पाहिली, आणि दाबलं.

दणका. कान बधिर. तो एकदा उडाला आणि सरळ सिडरमध्ये घुसला.

गेलो. चार केस. रक्ताचा एक थेंब, वाटाण्याएवढा. अर्धा तास थांबायचं असतं, पण बर्फ असा पडत होता की थांबलो तर माग राहणार नाही. पंधरा मिनिटांत निघालो. ओढ्यापाशी चार-पाच हरणांचे ठसे एकमेकांत मिसळलेले. पुढे पांढरंच पांढरं. दीड तास गोल गोल फिरलो. एक थेंब नाही. गेल्या वर्षीसारखंच.

कॅम्पात शिरलो तर कांदा परतल्याचा वास. एक बार ऐकून क्लॅरेन्सने तवा चढवलेला.

"कलेजी कुठंय?" त्याने विचारलं.

मेल्विनने माझे रिकामे हात पाहिले. लगेच कात्री शोधायला उठला. "नऊ दिवस साधू होऊन बसला आणि चुकला! काढ शर्ट, आर्व्या. पाठ राखून कापतो."

इतकं सोपं होतं. तोंड उघडायचीही गरज नव्हती. नुसता शर्ट काढायचा. बाहेर बर्फ सगळं झाकत होता, कुणाच्या बापाला कळलं नसतं. माझा हात बटणावर गेलासुद्धा.

"लागलीय," मी म्हणालो. "माग हरवला. मला मदत हवी."

मेल्विनने कात्री खाली ठेवली. क्लॅरेन्सने तवा उतरवला. वाइनोकाका आधीच बूट घालत होते.

ओढ्यापासून चौघं एका रांगेत, हाताच्या अंतराने. काकांनी बाल्सम झाडाची फांदी तोडली, गुडघ्यांवर बसले आणि वरचा ताजा बर्फ हलकेच झाडायला लागले, पोळपाटावरचं पीठ झाडावं तसं. खालच्या जुन्या थरावर एक गुलाबी ठिपका. "इकडे," ते म्हणाले. पुढे सरकले, झाडलं. दुसरा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस असा गुडघ्यांवर रांगत सव्वा तास गेला. आम्ही नुसते मागे, श्वास धरून. बर्फाखाली दडलेली ती वाट एकेक ठिपक्याने उघडत होती. असं वाचन मी आयुष्यात पाहिलं नाही.

एका सिडरखाली तो पडला होता. ओढ्यापासून ऐंशी पावलं. दोन्ही फुफ्फुसांतून आरपार. काका म्हणाले, "इथवर आला तो नुसत्या पायांनी. जीव तिकडेच गेला होता." अंगावर पडणारा बर्फ अजून विरघळत होता, पापण्यांवरचा नाही. मी हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला. ऊब होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मेल्विन पाठ करून उभा राहिला.

संध्याकाळी कलेजी-कांदा झाला. सगळे खुशीत. मी खुर्चीवर चढलो आणि १९८५ची माझी चिंधी खिळ्यावरून काढली.

"ही खोटी आहे," म्हणालो. "चुकलो नव्हतो. पोटात मारलं आणि हरवलं." खांद्याचंही सांगितलं. मग चिंधी चुलीत टाकली.

मेल्विन ताटलीकडे बघत होता. क्लॅरेन्स माझ्याकडे.

"किती दिवस शोधलंस?" वाइनोकाकांनी विचारलं.

"दोन. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवलं."

"हं." त्यांनी ताटली बाजूला सारली. "पुढचा हंगाम भांडी."

"हो."

मग ते साउनाला – वाफेच्या न्हाणीला – लाकडं घालायला म्हणून बाहेर गेले. साउना केव्हाची तापलेली होती.


२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कॉफी घ्यायला उठलो. तुळईवर आणखी तीन खिळे रिकामे. दोन मेल्विनचे – यंदाची चिंधी तेवढी आहे. क्लॅरेन्सने पॅनकेक वाढले आणि म्हणाला, "म्हणजे पुढच्या वर्षी भांडी तुम्हा तिघांची, रानात मी एकटाच."

तिसरा खिळा अगदी टोकाचा, गंजलेला, सगळ्यात जुना. वाइनो, १९५१. जखमी हरणाचा नियम त्यांनी त्याच्या पुढच्याच वर्षी केला.