हिरवा ठिपका

दि. ९ मार्च, सोमवार

प्रिय खारूताई,

तुला आईचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा होता तसाच आहे, मशीन नीट चालू आहे. तूही बरी असशील आणि ऑफिसात वेळेवर जेवत असशील अशी आशा करते. खात्री नाही.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाला काही झालेलं नाही. फोन असताना पत्र लिहायचे कसले डोहाळे लागले म्हणशील. ते येईलच पुढे. हे पत्र मी बटणवालीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. आपली बटणवाली अजूनही समोरच्याच जिन्यावर राहते, माझ्याकडच्या शर्टांची काजं-बटणं अजूनही तीच करते आणि माझ्या चहाला अजूनही नावं ठेवते. माझा फोन घरी आहे, मशीनच्या फळीवर, रोजच्या जागी. शेजारी रेडिओ लावून आले आहे.

कामाचं म्हणशील तर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला आहे. परवा एका शर्टाला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शर्ट हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत बसले. बटणवाली हसली नाही, यावरून काय ते समज.

आता फोनचं सांगते. बरेच दिवस त्याचं काही खरं नव्हतं. सकाळी पोटभर चार्ज केलेला फोन दुपारच्या चहापर्यंत मान टाकायचा. हात लावावा तर इस्त्रीसारखा गरम. मग बँकेचं अॅप उघडेना. तुमच्या फोनची सिस्टिम जुनी आहे, अपडेट करा, असं सांगून बंद व्हायचं. अपडेटची चौकट रोज यायची आणि मी रोज 'नंतर' दाबायचे, कारण तू बजावलं होतंस. आई, अपडेट अजिबात करायचं नाही, फोन जुना आहे, मध्येच अडकला तर सगळं जाईल. तू सांगितलंस म्हणजे सांगितलंस. फोनच्या बाबतीत मी तुझ्या शब्दाबाहेर नाही, विचार कुणालाही.

पण गिऱ्हाइकांचे फोन मध्येच तुटायला लागले. एक बाई तर मी मुद्दाम तोंडावर बंद करते समजून रुसून बसली. शेवटी बसस्टॉपसमोरच्या मोबाइलवालीकडे गेले. तुझ्याच वयाची आहे. डोळ्याला भिंग लावून बसते आणि वर न बघता बोलते.

"काकू, इतकी अपडेटं साठवून काय करणार होतात?"

"लेकीने नको सांगितलंय."

"लेक मोबाइलचं काम करते का?"

"नाही, विम्याच्या कंपनीत आहे."

"मग माझ्या विम्याचं मी तिला विचारीन," ती म्हणाली, "फोनचं मला करू द्या."

तिने आधी जागा मोकळी केली. कापडाच्या रंगाला चेन जुळवायला मी काढलेले चेनचेच फोटो निम्म्या फोनभर होते. अॅप्सचा साठलेला कचरा काढला. फोन गरम तो गरमच. मग तिने पॉवरचं बटण धरलं, 'बंद करा' आल्यावर त्याच्यावर बोट दाबून ठेवलं, आणि फोन पुन्हा चालू झाला तेव्हा खालच्या कोपऱ्यात 'सेफ मोड' अशी अक्षरं उमटली. यात म्हणे कंपनीने दिलेली तेवढीच अॅप्स चालतात, वरून घातलेली सगळी झोपी जातात. फोन तसाच घरी न्या आणि उद्या सांगा, म्हणाली.

त्या दिवशी फोन गार पाण्यासारखा होता. रात्रीपर्यंत निम्मी बॅटरी शिल्लक.

"म्हणजे फोन धडधाकट आहे," ती म्हणाली. "वरून घातलेलं काहीतरी त्याला आतून खातंय. तुम्ही काय काय घातलंय?"

"मला कुठे काय घालता येतं? माझी लेकच घालते काय ते."

हे मी कौतुकाने सांगितलं. आता आठवलं की कान गरम होतात.

ती म्हणाली, आधी सिस्टिम नवी करू, कधीकधी तेवढ्यानेच सुधारतं. नंबर दुसरीकडे उतरवून घेतले, फोन चार्जरला लावला, दुकानातल्या वायफायवर अपडेट सोडलं. मी स्टुलावर जीव मुठीत धरून बसले. ती रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती आणि मी मनात तुझी माफी मागत होते. तुझं ऐकलं नाही म्हणून. खरंच मागत होते, खारू.

फोन नीट चालू झाला. नवी अक्षरं, नवे रंग, बँकही उघडली. घरी येऊन कामाला लागले तर वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा ठिपका. मला वाटलं, तब्येत ठणठणीत असल्याचा दिवा असेल. थोड्या वेळाने तो गेला. संध्याकाळी बटणवाली आली, आमच्या गप्पा सुरू झाल्या, तर ठिपका पुन्हा हजर. मी तो फडक्याने पुसला. जाईना म्हणून मशीनचं तेल लावून पुसला. बटणवालीने नखाने खरवडून पाहिला. दोघी शहाण्या काचेवरचा डाग काढत बसलो होतो, आणि ते सगळं तू ऐकत होतीस.

लिहिलं एकदाचं. इतकी पानं इकडचं तिकडचं लिहीत होते ते या एका वाक्यापाशी येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवालीला म्हटलं, अगं, तुझ्या अपडेटने फोनवर डाग पडलाय. ती माझ्याशी बोलत असतानाच ठिपका आला. तिने वरून पडदा खाली ओढला, ठिपक्यावर बोट टेकवलं, आणि पहिल्यांदा भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

"काकू, हा डाग नाही. फोनचा माइक चालू असला की हा ठिपका येतो. जुन्या सिस्टिममध्ये तो नव्हता, म्हणून तुम्हाला कधी दिसला नाही. 'सिस्टिम सहायक' नावाचं अॅप आत्ता माइक वापरतंय. आणि हे सिस्टिमचं नाहीये."

"मग कुणाचं?"

तिने अॅप उघडलं. आवाज कुणाला पाठवायचा ते तिथेच होतं, आणि त्याखाली तुझा ई-मेल. ज्यात तू खारूताई घातलं आहेस तोच. मी तुला हाक मारते तेच नाव, खारू. अनोळखी नाव असतं तर मी ओरडले असते, पोलिसांत गेले असते, साऱ्या बाजाराला सांगितलं असतं. तुझं नाव बघून मी तिला खुणेनेच फोन काउंटरवर ठेवायला सांगितलं.

तिने ठिपका जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच विचारलं, "काढून टाकू?"

मला हो म्हणता आलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. घरी आले आणि चपलांसकट मशीनपुढे बसून राहिले.

हो का म्हणता आलं नाही ते सांगते. मी न्हाणीघरात पडले होते तो दिवस आठव. दार आतून लावलेलं, हाक मारायला दम नाही. आणि एवढ्यात बटणवाली धापा टाकत आली, दाराला खांदा लावून आत घुसली. तुझा तिला फोन आला होता म्हणे, आईकडे जा, मला कसंसंच होतंय. त्या दिवसापासून मी गावभर सांगत सुटले. माझ्या लेकीला न सांगता कळतं. इतक्या लांब असून तिच्या पोटात कालवतं. गिऱ्हाइकांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मोबाइलवालीलाही सांगितलं होतं. ताप आला की तुझा फोन यायचा, जेवण टाळलं की यायचा. मला वाटायचं, आपण जन्मभर काही नाही तरी एवढं कमावलं.

ते सगळं अॅप होतं. जीव वाचला त्याने, मी नाकारत नाही. पण त्या दिवसाइतकी श्रीमंत मी कधीच नव्हते आणि ते तू माझ्याकडून काढून घेतलंस. याचा धक्का मला त्या ऐकण्यापेक्षा मोठा बसला आहे. अजून सावरलेले नाही.

मागच्या खेपेला "फोन जरा साफ करून देते" म्हणून दुपारभर बसली होतीस, तेव्हाच घातलंस ना? मी तुला दोनदा चहा करून दिला.

तेव्हापासून मी घरात मोठ्याने बोलणं टाकलं आहे. मशीनशी बोलायची सवय होती ती गेली. खोकला आला तरी उशी तोंडावर धरते. स्वतःच्या घरात चोरासारखी वावरते आहे, आणि ठिपका कधी येतो ते बघते आहे. सकाळच्या चहाला येतेस, म्हणजे येतो. दिवेलागणीला येतो. तेव्हा तूही तिकडे एकटीच चहा घेत असतेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून राग नीट धरवत नाही आणि सोडवतही नाही.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला याहून जड आहे.

तू तुझ्याकडे मला न्यायचं ठरवलं होतंस. खोली रंगवलीस, खिडकीशी मशीनला जागा केलीस, फोटो पाठवलेस. आणि मग अचानक तू तो विषयच काढेनाशी झालीस. फोन आखूड झाले. सुट्टी मिळत नाही म्हणालीस. मला वाटलं ऑफिसात काही बिनसलं असेल. काल रात्री पडल्या पडल्या एकदम उमगलं आणि उठून बसले.

तू ते ऐकलंस. मी बटणवालीला म्हणाले होते की तिच्याकडे जाऊन मी काय करू, तिच्या घरात मला भांडं वाजवायचीही भीती वाटते, ती इथे आली तरी घर तिचं होतं आणि मीच पाहुणी होते. ती परत गेली की मला मोकळा श्वास येतो, असंही म्हणाले होते. लेकीने ऐकायचं ते बोलणं नव्हतं. तुझ्या कानावर हे माझ्या आवाजात पडलं, ते ऐकून तू एकटी त्या रंगवलेल्या खोलीत काय करत बसली असशील, हे सारखं मनात येतं.

पण माफी मागणार नाही. तोंडात टाचण्या धरून, मैत्रिणीसमोर, आईने लेकीबद्दल कुरकुर करायची नाही तर कुणी करायची? तूही माझ्याबद्दल करत असशील, करावीसच. मी ती ऐकायला येणार नाही. माणसाला आपल्या माणसाच्या पाठीमागे अर्धंमुर्धं बोलायला जागा लागते, मग पुढ्यात पूर्ण बोलता येतं. ती जागा तू काढून घेतलीस.

आणि मी अर्धंच बोलले होते. उरलेलं तू ऐकलं नाहीस, कारण तेवढ्यात फोन बंद पडला होता. तुझ्या त्या अॅपनेच बॅटरी खाल्ली होती. तो तसाच बंद चार्जरला लावून मी परत बसले आणि पुढचं बोलले. बटणवाली साक्षीला आहे. ती आत्ता मागून म्हणते आहे, "अगं, लिही ना ते, पोरीचा जीव भांड्यात पडेल."

नाही लिहिणार. एवढंच सांगते की त्या संध्याकाळी मी टेप घेऊन आपल्या मशीनची लांबी-रुंदी मोजली आणि तुझ्या फोटोतल्या खिडकीकडे बराच वेळ बघत बसले. बाकीचं हवं असेल तर मला विचारावं लागेल.

मोबाइलवाली म्हणते की ते अॅप तुझ्या बाजूनेही काढता येतं. मी काढलेलं नाही, तिलाही काढू दिलं नाही. ते तू घातलंस, तूच काढ. अॅप्सची यादी कुठे असते ते तिने मला दाखवलं आहे. रोज सकाळी चहा झाला की मी तिथे जाऊन बघणार. ज्या दिवशी 'सिस्टिम सहायक' त्या यादीत नसेल, त्या दिवशी समजेन की पत्र पोचलं. तोवर तुला नुसतं मशीन ऐकू येईल.

मग फोन कर. पण वाजवून कर. न वाजवता माझ्या घरात यायचं नाही. मी पडले, आजारी पडले, तर मी तुला सांगीन, कबूल करते. आणि मी सांगितलं नाही म्हणून तुला काही कळलं नाही, तरी चालेल. माझं काही कमी होणार नाही, सवय करून घेईन.

वाजला की मी पहिल्या रिंगला उचलेन.

तू विचारशील म्हणून थांबलेली,
तुझी आई