पळवलेली सहा मिनिटं

पनवेल, रविवार, १२ जानेवारी

“दोनच वर्षांचा प्रश्न आहे गं,” त्याची इथे बदली झाली तेव्हा कोल्हापूरचं घर आवरताना प्रशांत म्हणाला होता. त्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. शाळेतली माझी नोकरी तिथेच राहिली.

आज त्याचे दोन कोल्हापूरकर मित्र एका प्रसिद्ध फुटबॉलपटूवरचा माहितीपट बघायला आले होते. मध्येच त्या खेळाडूची बायको बोलू लागली. नवरा क्लब बदलेल तसं दर वेळी नव्या शहरात घर कसं मांडलं, ते सांगत होती.

“वहिनी, सॉरी हं,” सुहास म्हणाला, “पण पश्या, गोल दाखव की लेका.”

दुसरा म्हणाला, “पिक्चर त्या खेळाडूनंच स्वतःवर काढून घेतलाय. बायकोला दाखवायलाच लागतंय.”

तिघंही हसले. प्रशांतने रिमोट दाबून ती सहा मिनिटं पळवली. मग एका गोलवर अर्धा तास वाद घातला.

माणूस वाईट नाही. ऑफसाइड म्हणजे काय, ते त्यानेच मला ताटात चमचे मांडून शिकवलं होतं. मग हे का कळत नाही? की मीच कधी सहा मिनिटं सलग बोलले नाही? मित्र गेल्यावर विषय काढला, तर म्हणाला, “अगं, त्यात काय होतं एवढं?”

उद्या चहाच्या वेळी पुन्हा सांगणार आहे. “बघू नंतर,” म्हणेल, माहीत आहे. तरी सांगणार. प्रशांत, तेवढी सहा मिनिटं माझ्याशेजारी बसून बघ, आणि मग मला विचार, तुझं इथे कसं चाललंय.